सहाव्या महिन्याचा फोन

ताई,

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते सही करायला, नाहीतर गॅसचा नंबर लिहून ठेवायला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, मला डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय आहे, तुझं काय घेऊन बसलीस." त्या जोरावर लिहितेय. हे कुणाला दाखवायचं नाहीये. तुमच्याशी थोडं बोलायचं राहिलं आहे, तोंडाने तर ते कधी जमलं नाही.

नौपाड्यात तुमच्यासाठी शोकसभा ठेवली होती, तिथे मी आलेले. दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. तुमच्या भावाने मला ओळखलं. म्हणाले, "तुम्हीही दोन शब्द बोला." मी नुसती मान हलवली, त्यांना तो होकार वाटला आणि माईक हातोहात माझ्यापर्यंत आला. मी तो तसाच शेजारच्या बाईंना दिला. त्या तुमच्या शाळेतल्या मैत्रीण निघाल्या, छान बोलल्या. तुम्ही वर्गात किती बडबड करायचात, ते सांगितलं. लोक हसले. मग तुमच्या हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर उठले. म्हणाले, "माधुरीताईंनी आमच्या स्टडीतला एकही पेशंट हरवू दिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा द्वारकामावशींची खोली आठवली, आणि त्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या तुम्ही. ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. इथे सांगते.

आपली ओळख आयसीयूच्या बाहेरच्या बाकावरची. ह्यांना ताप आला, मग धाप लागली, कल्याणच्या हॉस्पिटलात म्हणाले मशीनचा बेड नाही, ठाण्याला न्या. ठाण्याला आल्या आल्या ह्यांना आत घेतलं आणि नळी घातली. माझ्या हातात ह्यांच्या चपला राहिल्या, त्या पिशवीत घालून मी बसले होते. तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं बिलाचं सांगायला आलात. तुम्ही शेजारी बसलात आणि पहिलंच म्हणालात, "वहिनी, मी बिलाची नाही. आमची इथे एक स्टडी चालू आहे, ती सांगायला आलेय. ऐकून नाही म्हणालात तरी चालेल. उपचारात काडीचा फरक पडणार नाही."

मग तुम्ही समजावून सांगितलंत. ह्यांच्या रक्तात इन्फेक्शन पसरलंय. अशा पेशंटला एक औषध काही डॉक्टर देतात, काही देत नाहीत, आणि त्याचा खरंच उपयोग होतो का हे कुणालाच नक्की माहीत नाही. म्हणून अर्ध्या पेशंटना ते औषध द्यायचं आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बाटलीतून साधं सलाईन. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांनाही कळणार नाही, तुम्हालाही नाही. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच. आणि घरी गेल्यावर सहा महिने तुम्ही विचारत राहणार, माणूस कसा आहे.

मी खाली बघत विचारलं, "तुमचा भाऊ आत असता तर?"

तुम्ही फाइल बाजूला ठेवलीत. मग म्हणालात, "तर मीही इथेच बसून विचार करत असते. औषध चांगलं आहे की नाही मला माहीत नाही, वहिनी. माहीत असतं तर तुम्हाला विचारायला आलेच नसते."

तेव्हा मला सगळे काही ना काही ठासून सांगत होते. दीर म्हणत होते नळी घालायलाच नको होती. शेजारीण फोनवर म्हणत होती दुसऱ्या हॉस्पिटलात हलव. मला माहीत नाही असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. म्हणून मी सही केली. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, तुम्हाला वाटत असेल तुमच्या समजावण्यामुळे केली. समजलं मला निम्मंच होतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला द्वारकामावशी होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा महेश, वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर कामाला, तोही ह्यांच्यासारखाच आत. त्यांनी आदल्या दिवशीच सही केली होती. मी पेन धरून बसले तेव्हा मला म्हणाल्या, "कर गं सही. निदान रोज कुणीतरी येऊन विचारेल तरी." तुम्ही हसलात.

दोघंही बरे होऊन बाहेर आले, ताई. आधी हे, मग महेश. त्याला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी ह्यांची तपासणी होती, म्हणून आम्ही तिथेच होतो. गेटवर मावशींनी पेढे वाटले, रिक्षावाल्यालाही दिला. महेश इतका वाळला होता की पँट दोरीने बांधली होती. ह्यांना म्हणाला, "काका, आता आपण एका स्टडीतले. म्हणजे भाऊबंदच की." हे म्हणाले, "भाऊबंद नको रे, वाटणी मागशील." त्या हसण्यात तुम्ही होतात. तुमच्या खांद्यावरची ती मोठी पिशवी, फाइल, पाण्याची बाटली, चिवडा आणि ऊन असो पाऊस असो, दोन छत्र्या.

मग तुमचे फोन सुरू झाले. ठरलेल्या महिन्याला, ठरलेले प्रश्न. चालतात का? जिना चढतात का? आंघोळ स्वतःची स्वतः करतात का? दम लागतो का? झोप लागते का? उदास वाटतं का? ह्यांना फोनवर बोलायचा कंटाळा, मीच सांगायचे. उदास वाटतं का म्हटल्यावर हे मागून ओरडायचे, "सांग त्यांना, बायको चहात साखर घालत नाही, त्याने उदास वाटतं." तुम्ही म्हणायचात, "हे लिहायला रकाना नाही, वहिनी." आमच्याकडे कुणी इतकं खोदून कधी विचारलं नव्हतं. माणूस हॉस्पिटलातून घरी आला की लोकांसाठी तो बरा झाला. जिन्याच्या मधल्या पायरीवर तो कठडा धरून उभा राहतो, ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं.

तिसऱ्या महिन्यात हे ठाण्याला यायला धजेनात म्हणून तुम्हीच शहाडला आलात. चहा झाल्यावर म्हणालात, आंबिवलीला एक पेशंट फोन उचलत नाही, ही गल्ली कुठे येते? मी दाखवायला म्हणून आले आणि संध्याकाळपर्यंत तुमच्याबरोबर हिंडले. तेव्हापासून मला न्यायला लागलात. आमच्या भागात लोक खोल्या बदलतात, सिमकार्ड बदलतात, गावाला निघून जातात. तुम्ही शोधत राहायचात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कारण सांगायचं नाही हा तुमचा नियम. माणूस आमच्याकडे दाखल होता हे त्याच्या शेजाऱ्याला आपल्याकडून कळता कामा नये, म्हणायचात. घर सापडलं की मलाही बाहेर उभं करायचात. मी बाहेर आजूबाजूच्या बायकांच्या पाण्याच्या गप्पा ऐकत उभी राहायचे. परत येताना तुम्ही मोकळ्या व्हायचात. "तू बोलत नाहीस ना सुमन, म्हणून बरं वाटतं. दिवसभर मी विचारते नि लोक सांगतात." वहिनीची सुमन कधी झाले, कळलंही नाही.

ह्यांचे सहाव्या महिन्याचे प्रश्न संपले तेव्हा तुम्ही फोन ठेवला नाहीत. म्हणालात, "स्टडीचा फोन संपला. आता हा माझा. तू कशी आहेस?" मी म्हटलं, "डाळ लागतेय," आणि फोन ठेवला. डाळ नव्हती गॅसवर.

पुढच्या आठवड्यात तुम्हीच परत फोन केलात. महेशचेही सहा महिने झाले होते. पहिल्या तपासणीला तो स्वतः आला होता. तिसऱ्या महिन्याला मावशी एकट्याच आल्या, त्याचे जुने रिपोर्ट घेऊन. म्हणाल्या, नवी नोकरी लागलीय, सुट्टी मिळत नाही, मला विचारा. तुम्ही विचारलंत, त्यांनी सगळं सांगितलं, आणि येण्याजाण्याचे नि दिवस मोडल्याचे जे पैसे स्टडीतून मिळतात ते घेऊन गेल्या. आता सहाव्या महिन्याला फोन केला तर कधी तो झोपलेला, कधी बाहेर गेलेला. "उत्तरं फार चांगली येतायत गं," तुम्ही म्हणालात. "इतकं चांगलं तुझ्या ह्यांचंही नाही. चल माझ्याबरोबर, तू ओळखतेस त्यांना."

आपण दुपारी वागळेला गेलो. वर्कशॉपची शटरं अर्धी उघडी, आत मशिनी चालू, रस्ताभर तेलाचा वास. तुम्ही रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडलात आणि उतरताना त्यालाच मूठभर चिवडा दिलात. मावशी दारात बसून पोत्यातली प्लास्टिकची झाकणं पिशव्यांत भरत होत्या, कारखान्यातून घरी आणलेलं काम. मी नेहमीप्रमाणे बाहेर थांबले तर म्हणाल्या, "हिला कशाला उन्हात उभी करता? एका बाकावर बसून रडलोय आम्ही. ये गं आत."

तुम्ही त्यांना सहाव्या महिन्याच्या पैशांचं पाकीट दिलंत. त्यांनी ते बघितलं नाही, डब्यामागे सरकवलं.

"महेश कुठाय?"

"पहिल्या पाळीला. चारला सुटेल."

"मग थांबतो आम्ही. आज मला घाई नाही."

मावशी उठल्या. चहा ठेवला. तुम्ही सहज विचारल्यासारखे तेच प्रश्न विचारलेत. जिना चढतो? चढतो की, दोन-दोन पायऱ्या. दम लागतो? छे. झोप? उठवता उठत नाही. उदास असतो का? मावशी म्हणाल्या, "तो नाही उदास."

चार वाजले. पाळी सुटली. गल्लीतून डबे हलवत मुलं जायला लागली. एकाने आत डोकावून विचारलं, "मावशी, पाणी आलं का?" आणि पुढे गेला. पावलं वाजली की तुम्ही दाराकडे बघायचात. मावशी बघत नव्हत्या. एकदाही नाही. त्यावरून मला कळलं.

मी तुमची ओढणी ओढली. "ताई, निघू या."

"थोडं थांबू."

"ओव्हरटाइम असेल," मावशी म्हणाल्या. "जा तुम्ही, उशीर होईल. मी सांगेन त्याला फोन करायला."

"थांबतो, मावशी." तुम्ही हळू बोललात. भिंतीला टेकलात. फाइल मिटून मांडीवर ठेवलीत. मला तुमचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

उजेड कमी झाला. मावशींनी दिवा लावला, पीठ काढलं, भाकरी थापायला बसल्या. एक भाजली. दुसरी टाकली. तिसऱ्यासाठी पीठ घेतलं नाही, परात धुवायला घेतली. आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "दोनच लागतात. एक आत्ता, एक सकाळला."

त्यांनी परात पुसून पालथी घातली.

"मुरबाडला गेलेला मामाकडे. तुमच्याकडे पहिल्यांदा येऊन गेला, त्यानंतर. परत ताप भरला. गाडी मिळेपर्यंत गेला."

तुम्ही पेन पिशवीत टाकलंत. मग विचारलंत, "मला का नाही सांगितलंत, मावशी?"

त्या वळल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "बाकी सगळ्यांना सांगितलं की. कंपनीत सांगितलं, गल्लीत सांगितलं, गावाला कळवलं. सगळे आले, बसले, गेले. विषय संपला. तुम्ही फोन करून विचारायचात, जेवतो का, जिना चढतो का. आता दुसरं कोण विचारणार त्याचं? तेवढ्या फोनपुरता चढायचा तो जिना."

मग डब्यामागचं पाकीट काढून तुमच्यापुढे धरलं. "हे घ्या. मागचे खर्च झाले, ते मी देईन. तेव्हा नको म्हणता आलं नाही. नको म्हटलं असतं तर का नको, ते सांगावं लागलं असतं."

तुम्ही पाकीट परत त्यांच्या हातात दिलंत. "ठेवा, मावशी. परत घ्यायची सोय नाही त्याची." नियमाचं बोललात तुम्ही, मला माहीत आहे. पण त्यांचा हात तसाच पुढे राहिला होता.

परतीच्या रिक्षात आपण भांडलो. म्हणजे मी भांडले. मी आयुष्यात घराबाहेर कुणाशी भांडले असेन तर तुमच्याशी.

"बरा आहे म्हणून लिहून टाकलं असतंत तर काय झालं असतं?" मी म्हटलं. "एवढ्या नावांत एक नाव."

"प्रत्येक नावाबद्दल कुणीतरी असंच म्हणणार, सुमन."

"तिला ते तोंडाने बोलायला लावायची काय गरज होती? शेजारच्या खोलीत विचारलं असतंत, एका मिनिटात कळलं असतं."

"तिच्या पाठीमागे तिच्या मुलाची चौकशी करू? ते बरं दिसलं असतं?"

"आणि असं धरणं धरून बसणं बरं दिसलं?"

तुम्ही बाहेर बघत होतात. म्हणालात, "हे औषध द्यायचं की नाही, हे ह्या सगळ्या लोकांवरून ठरणार आहे. तुझ्या ह्यांच्यावरून, महेशवरून. गेलेल्याला मी बरा लिहिलं आणि औषध आहे त्याहून चांगलं दिसलं, तर उद्या कुठल्यातरी बाकावर बसलेल्या बाईच्या माणसाला ते देतील. मी बघितलेलीही नसेन तिला."

"तिला तुम्ही बघितलेली नाही," मी म्हटलं. "मावशींना बघितलंय."

स्टेशनजवळ उतरताना मला एक छत्री दिलीत, आभाळ भरून आलं होतं म्हणून. मी घेतली नाही.

त्यानंतर बरेच महिने मी तुमचा फोन उचलला नाही. हे म्हणायचे, "अगं, तिचं कामच आहे ते." मी म्हणायचे, काम आहे म्हणून काय झालं. खरं सांगू का, तुमचं बोलणं मला रिक्षातच पटलं होतं. पटलं म्हणून राग जास्त होता.

मग तुम्ही एकदा ह्यांच्या नंबरवर फोन केलात आणि ह्यांनी मुद्दाम माझ्या कानाला लावला. स्टडीचा निकाल लागला होता. "काही फरक नाही निघाला, सुमन. औषध दिलेले आणि न दिलेले, सारखेच."

मी म्हटलं, "म्हणजे मावशींना उगाच."

"उगाच नाही गं. फरक नाही हेही कळायलाच लागतं. आता ते विनाकारण कुणाला देणार नाहीत." मग विचारलंत, "तुझ्या ह्यांना काय मिळालं होतं, औषध की सलाईन, विचारू का डॉक्टरांना? आता सांगता येईल."

मी नको म्हटलं. ह्यांना कठडा न धरता जिना चढता येतो, तेवढं मला पुरेसं होतं. महेशचं काय ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

शेवटचं भेटलो ते आमच्याकडे. काही काम नसताना आलात. मी भरीत केलं होतं, तुम्ही दोनदा मागून घेतलंत. ह्यांना म्हणालात, "साखर मिळते का आता चहात?" सगळं पूर्वीसारखं चाललं होतं आणि तुम्ही ताटातून नजर न उचलता मला विचारलंत, "मावशी भेटतात का गं?"

"भेटतात."

"कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"मी दोनदा फोन केला होता. उचलला नाही त्यांनी. अजून रागावल्यात का माझ्यावर?"

मी म्हटलं, "तुम्ही जेवा आधी." तव्यावरची भाकरी उलटली. तुम्ही परत विचारलं नाहीत. आणि पुढच्या महिन्यात तुमच्या नंबरवरून तुमचे भाऊ बोलले. तुम्हाला तुमच्याच कॅज्युअल्टीत नेलं होतं म्हणाले, सगळे ओळखीचे हात होते, तरी जमलं नाही.

तुम्हाला माहीत नसलेलं ते आता सांगते. मावशी माझ्याकडे येत होत्या. वागळेच्या त्या संध्याकाळनंतर महिन्याभराने पहिल्यांदा आल्या, सुट्टीच्या दिवशी, पत्ता विचारत. पदराच्या गाठीतून थोडे पैसे काढले. "ताईंचे आहेत. त्यांच्या हातात द्यायला धीर होत नाही. तुझ्याकडे ठेव. पुरे झाले की दे त्यांना. तोवर सांगू नको." मी म्हटलं, मावशी, त्यांनी ठेवा म्हटलंय. तर म्हणाल्या, "त्यांनी म्हटलं. मी नाही म्हटलं."

त्यानंतर कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी यायच्या. जे जमेल ते द्यायच्या. हे चिडवायचे, "मावशी, आमची बँक फार लहान आहे हो, व्याज देणार नाही." त्या म्हणायच्या, "व्याज नको, चहा द्या." चहा पिता पिता हळूहळू महेशचं बोलायला लागल्या. आधी लहानपणचं, मग मशीनवरचं, मग एकदा मुरबाडचं, शेवटपर्यंत, न थांबता. मी बोलत नाही ते त्यांनाही बरं वाटत असावं.

तुम्ही भरीत खात होतात तेव्हा ते पैसे तुमच्या मागच्या कपाटात होते. थोडेच द्यायचे राहिले होते. मी शब्द दिला होता म्हणून गप्प बसले. मला वाटलं, पुरे झाले की मावशींनाच तुमच्यासमोर उभं करीन. वेळ आहे असं वाटलं.

तुमच्या सभेनंतर मावशी आल्या ते उरलेले घेऊन. तुम्ही गेल्याचं मी फोनवर सांगितलंच होतं. बराच वेळ पैसे हातात धरून बसल्या. "आता कुणाला द्यायचे?"

"हॉस्पिटललाच देऊ," मी म्हटलं.

आम्ही दोघी ठाण्याला गेलो. वाटेत मी एकदाचं विचारलं, जे तुम्ही मला विचारलं होतंत. मावशी, तुम्ही ताईंवर रागावला होतात का?

"रागावले तर," त्या म्हणाल्या. "फार दिवस. माझा एवढा एक फोन होता, तो बंद केला तिने." मग म्हणाल्या, "पण बसून राहिली गं ती. बाकीचे आले, चहा प्यायले, घड्याळ बघून उठले. ती उठली नाही. महेशची वाट बघायला माझ्याबरोबर तेवढा वेळ दुसरं कुणी बसलं नाही."

हे तुम्हाला ऐकायचं होतं ना, ताई. मी ते आता लिहू शकते. तुम्ही त्या दिवशी थांबायला हवं होतं की नको, ह्यावर माझं अजून ठरलेलं नाही, आणि तुम्ही असतात तर आपण परत भांडलो असतो.

तुमच्या खोलीत तुमच्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसली होती, फोनवर कुणाला तरी विचारत होती, "आजोबा आंघोळ स्वतः करतात का?" मोठे डॉक्टर आले. मावशींनी त्यांच्यापुढे पैसे ठेवले. त्यांना काही उलगडेना. मी सांगायला तोंड उघडलं, पण मावशींनीच मला थांबवलं.

"माझ्या मुलाच्या येण्याजाण्याचे म्हणून मिळाले होते. तिसऱ्या महिन्याचे आणि सहाव्या महिन्याचे. तो आला नव्हता. तो आधीच वारला होता. मी खोटं सांगून घेतले."

डॉक्टर खुर्चीत बसले. म्हणाले, "मावशी, ती स्टडी बंद झाली. ह्याचं खातंच नाही आता. तुम्ही ठेवा."

"नाही ठेवत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं नाही. मग ते उठले आणि आम्हाला स्वतः खाली कॅश काउंटरवर घेऊन गेले. तिथल्या माणसाला म्हणाले, गरीब पेशंटचा फंड असतो, त्यात घ्या.

त्याने पावतीपुस्तक ओढलं. "नाव?"

मावशींनी स्वतःचं नाव सांगितलं, पैसे किती तेही सांगितलं.

"कुणाच्या स्मरणार्थ आहे का? तसं लिहितात लोक."

"नाही," मावशी म्हणाल्या. "घेतले होते, परत केले. असं लिहा."

तो डॉक्टरांकडे बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, "लिहा तसंच."

त्याने लिहिलं. नोटा सुट्ट्या सुट्ट्या होत्या, दहा-दहाच्याही होत्या, त्या त्याने ओल्या बोटाने एकदा मोजल्या, परत एकदा मोजल्या, रबर लावून खणात टाकल्या आणि म्हणाला, "पूर्ण आहेत."